राहेलपट्टी

"दोन्ही हातांनी धर," आबा म्हणाले, आणि सुरीने सोडवलेली पट्टी त्यांनी माझ्या तळहातांवर ठेवली. "खाली पडली तर जावईबापूंना काय भोपळा घालणारेस?"

पट्टी अजून कोमट होती. लांबीला माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, मनगटाएवढी जाड आणि एका टोकाला निमुळती. रविवारची सकाळ होती, चर्चची पहिली घंटा व्हायची होती. आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे ओंडक्यावर माझे वडील, म्हणजे दादा, मांड्यांचे तुकडे पाडत होते. आबा माझे आजोबा, लाजरस पाटोळे. अठ्ठ्याहत्तरी गाठली होती, हात थरथरायचे, दुकानाचा सगळा भार त्यांनी केव्हाच दादांवर टाकला होता. पण ही एक पट्टी मात्र ते दुसऱ्या कुणाला काढू देत नसत. दादांनाही नाही. सुरी हातात आली की त्यांची थरथर कुठे जायची कोण जाणे.

जनावराच्या कण्याला आतून चिकटून, चरबीखाली लपलेली ही पट्टी असते. एका जनावरात दोनच. "या मासाला जन्मभर काम नसतं," आबा सांगायचे. "चालायचं नाही, ओढायचं नाही. म्हणून मऊ. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या हातासारखं." शहरात तिला अंडरकट म्हणतात. आमच्या चिंचगावात मात्र म्हणतात राहेलपट्टी, आणि अजूनही म्हणतात. पूर्वी आमच्याकडे बैलाचं असायचं, रेड्याचं असायचं. दोन्हीला लोक 'मोठ्याचं' म्हणत. पुढे कायद्याने बैल बंद झाला, रेडा राहिला. पट्टीचं नाव काही बदललं नाही.

या नावावरून गावात एकेकाने काय काय अकलेचे तारे तोडले होते! शाळेचे हेडमास्तर म्हणायचे, मूळ शब्द अरबी असावा. कुठून काढलं ते त्यांनाच ठाऊक. स्टँडवरच्या हॉटेलातले रशीदभाई छातीवर हात मारून सांगायचे की कालवा खोदायला राहेल नावाचा गोरा साहेब आला होता, त्याला दुसरं काही चालायचंच नाही. त्या साहेबाच्या मिशा कशा होत्या हेसुद्धा ते सांगत. आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो. कारण राहेल म्हणजे माझी आजी होती आणि तिला मिशा नव्हत्या.

मिशन आळीत मात्र खरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. निदान आम्हाला तसं वाटायचं. आबांचं आजीवर एवढं प्रेम की पाडलेल्या प्रत्येक जनावराची सगळ्यात मऊ पट्टी ते आधी तिच्यासाठी बाजूला काढायचे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, आबा म्हणायचे, "ती राहेलची. दुसरं घ्या." स्वतः कुटायचे, स्वतः शिजवायचे, तिच्या ताटात स्वतः वाढायचे. स्वतः मात्र तुकडासुद्धा तोंडात घालायचे नाहीत. आजी गेली तोवर सत्तेचाळीस वर्षं हे चाललं. खाटकाचा धंदा करणारा माणूस, पण बायकोला फुलासारखं जपलं, असं लोक म्हणत. पाळकसाहेब लग्नाच्या उपदेशात आबांचं नाव घेत. आणि मग आळीत प्रथाच पडली. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाने राहेलपट्टीचा पहिला तुकडा नवरीला भरवायचा. रुसलेली बायको परत न्यायला जावई आला तरी तेच. त्याने तिच्या ताटात पट्टीचा तुकडा ठेवायचा, तिने तो खायचा. की झालं. मिटलं.

त्या रविवारी माझं मिटवायचं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी मी एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आले होते. तेवीस वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती. आळीत सांगितलं की अंगात कणकण असते, जरा आरामाला आले. घरात दादांना सांगितलं की नवराबायकोची कुरबुर झाली. खरं काय ते पहिल्याच रात्री फक्त आईला सांगितलं. आईने सगळं ऐकलं, माझ्या केसांना तेल लावलं आणि म्हणाली, "बाई, एका चापटीनं कुठं संसार मोडतो का?"

"एक नव्हती, आई."

"दोन असतील. राग आला असंल. दारू पीत नाही, चर्च चुकवत नाही, पेटी वाजवतो, गातो. आणखी काय पाहिजे? आबांसारखा नवरा सगळ्यांनाच मिळत नसतो. मिळाला त्याला घडवावं लागतं."

आबांचं नाव आलं की माझी बोलतीच बंद व्हायची. त्या एका पट्टीने आमच्या आळीतल्या किती बायकांची तोंडं बंद केली असतील, देव जाणे. मी गप्प बसले आणि आईने तेवढ्यालाच होकार धरलं. शमुवेलला निरोप गेला. रविवारी तो आपल्या थोरल्या काकांना घेऊन मला न्यायला येणार होता. मला जायचं नव्हतं. पण 'मला जायचं नाही' हे तीन शब्द कुणापुढे उच्चारायचे, तेच मला कळत नव्हतं.

पट्टी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई मसाल्याचं खोबरं भाजत होती. दाराशी मला ठेच लागली. आमच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून त्याला एक जुनं लोखंडी वजन लावून ठेवलेलं होतं. शेराच्या काळातलं, गंजून काळं पडलेलं. घरातल्या प्रत्येकाने त्याच्यावर एकदा तरी अंगठा फोडून घेतलेला.

"फुटला का?" आईने मान न वळवता विचारलं. "सतरांदा म्हणते, ते ध्यान विहिरीत टाका. आबा हलवू देत नाहीत. म्हणे, राहेलनं ठेवलंय, तिथंच राहू द्या. सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली, ह्यांचं आपलं राहेल, राहेल."

"आई, मला नको वाटतंय."

"काय नको वाटतंय?"

"जायला."

आईने उलथनं खाली ठेवलं. चिडली नाही ती, ते मी सांगून ठेवते. तिचा चेहरा एकदम थकल्यासारखा झाला. "हे बघ सुवार्ता, पाहुणे यायला निघालेत. आता असं बोलून हसं करू नको. तुझ्या दादांना चर्चच्या कमिटीत चार माणसांत बसावं लागतं. तुझ्या पाठची बोर्डिंगात आहे, ती अजून उजवायची आहे. आज जा. पुन्हा काही झालं तर मी आहे ना."

"पुन्हा काही झालं तर म्हणजे काय, आई?"

खोबरं करपायला लागलं होतं, ती तिकडे वळली.

मागच्या ओट्यावर आबांनी दगडी पाट मांडला होता. मी पट्टी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं, आपल्या उजव्या हाताला. हे त्यांचं नवीनच खूळ होतं. मी आल्यापासून तीन आठवडे ते असेच माझ्या डाव्या बाजूला येऊन बसायचे आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. मला काही ऐकू यायचं नाही. मी आपली "हो आबा" म्हणायची. मग ते माझ्याकडे टक लावून बघायचे, उठायचे आणि निघून जायचे. म्हातारपण, दुसरं काय. आई म्हणायची, त्यांना उत्तर देत जा, त्यांना वाईट वाटतं.

आता मात्र ते मोठ्याने बोलले. "नीट बघ. ह्या मासाच्या रेषा उभ्या असतात. सुरी आडवी चालवायची. रेषेसंगं कापलं तर चिवट होतं, तुझ्या आजीला चावायचं नाही."

"आजीला दात कमी होते ना, आबा?"

"व्हय."

"बाळंतपणात गेले म्हणायची. एका लेकरामागे एक दात."

आबांनी सत्तूर उलटा धरला आणि त्याच्या पाठीने तुकडे हळूहळू ठेचायला लागले. मला आजीची आठवण आली. ती हसायची तेव्हा तोंडावर पदर घ्यायची. तिचा एकही फोटो हसरा नाही. लहानपणी मला वाटायचं, ती लाजते.

"जावई कसा हाये गं?" आबांनी मध्येच विचारलं.

"चांगला गातो," मी म्हणाले.

ते ठेचत राहिले. बराच वेळ ठेचत राहिले.

शमुवेल खरोखरच चांगला गायचा. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये त्याला पेटीवर बसवलं तर बायका डोळे मिटून डोलायला लागल्या. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, बोलण्यात 'आपण' आणि 'कृपा करून'. साखर कारखान्यात टाइमकीपर होता. उपासना संपल्यावर त्याने आळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याशी हात मिळवला. माझ्यासमोर येऊन हळूच म्हणाला, "सुवार्ता, तब्येत बरी आहे ना?" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. तेच तर अवघड होतं. माणूस नुसता वाईट असता तर मी रडूनओरडून सांगितलं असतं. हा मारायचा आणि मग माझ्याआधी हाच रडायचा.

दुपारी पंगत बसली. सतरंजीवर एका बाजूला शमुवेल आणि त्याचे थोरले काका, समोर दादा आणि आबा. काका म्हणजे निवृत्त मास्तर. हसतमुख, गोष्टीवेल्हाळ गृहस्थ. प्रथेप्रमाणे मलाही शमुवेलशेजारी बसवलं. आई वाढत होती. काकांनी प्रार्थना केली. तुटलेलं जोडणाऱ्या, रुसलेल्यांना समजावणाऱ्या देवबापाचे त्यांनी लांबलचक आभार मानले. आमेन झालं. आईने पट्टीचं पातेलं मधोमध आणून ठेवलं. असा वास सुटला होता की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी नुसत्या रश्श्यावर दोन भाकऱ्या खाल्ल्या असत्या.

"लाजरसबाबा," काका म्हणाले, "या पट्टीची गोष्ट मी पंचक्रोशीत ऐकली, पण तुमच्या तोंडून कधी नाही. आज योग आहे. आमच्या शमुवेलला सांगा. म्हणजे तोही जरा शिकेल." आणि ते मोकळेपणाने हसले. दादाही हसले.

शमुवेलने तोवर पातेल्यातून एक तुकडा उचलला होता, माझ्या ताटात ठेवायला. आई दाराशी उभी राहून बघत होती. तो तुकडा माझ्या ताटात पडला की मी गेलेच. मला ते पक्कं ठाऊक होतं.

"थांबा, पाव्हणे," आबा म्हणाले. "आधी गोष्ट. मग तुकडा."

शमुवेलचा हात वरच राहिला. मग त्याने तो तुकडा आपल्याच ताटाच्या कडेला ठेवला.

"माझं लगीन झालं तेव्हा राहेल अठरा वर्षांची होती," आबांनी सुरुवात केली. आवाज नेहमीचाच, दुकानात बोलावं तसा. "लई हसायची. कशाला पण हसायची. कुत्रं शिंकलं तरी हसायची. दोन वर्षं गेली. एक दिवस बाजार होता, दुकानात ही गर्दी. तराजूची दोरी तुटली आणि पारडं माझ्या पायावर पडलं. मी बोंब मारली, एका पायावर नाचलो. ती मागं भाकरी थापीत होती. डोकावली आणि हसली. ती हसली म्हणून गिऱ्हाईकं बी हसली."

काका हसले. "मग?"

"माझ्या हातात अर्ध्या शेराचं वजन होतं. फेकलं."

काकांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, त्यांना ते आवरायला वेळ लागला.

"तोंडावर बसलं. चार दात गेले. वरचे दोन, खालचे दोन."

"आबा," दादा म्हणाले, "आईचे दात बाळंतपणात..."

"तू पहिला. तू व्हायच्या साताठ महिने आधी गेले ते. तुम्हा लेकरांना सांगायला तिनं ते रचलं." आबांनी दादांकडे पाहिलंही नाही. "महिनाभर पेज प्याली. एका बाजूनं चावायला लागली तवा मी कण्याखालची पट्टी काढली. कुटून कुटून मऊ केली, शिजवली, तिच्या म्होरं ठेवली. तिनं खाल्ली. मला वाटलं, झालं. भरून निघालं. फुडल्या बाजाराला पुन्हा दिली. लोकांनी विचारलं, ही पट्टी बाजूला का? मी म्हणालो, राहेलची हाये. तेवढंच. म्होरलं लोकांनी आपापलं जोडलं. एक दिवस पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं चर्चमधी. म्हणाले, प्रीती करावी तर अशी. मी तिसऱ्या बाकावर होतो. ती बायकांत बसली होती. उठून सांगायला पाहिजे होतं मी. नाही उठलो. झाकली मूठ चांगली वाटली. मग ती मूठ उघडताच येईना."

बाहेर रस्त्यावरून सायकलची घंटी वाजत गेली. आई दाराच्या चौकटीला टेकली होती.

"त्या दिवसापासून ती पदराआड हसली. मी सत्तेचाळीस वर्षं मऊ तुकडा दिला, पाव्हणे. एक बाजार चुकवला नाही. दात काही उगवले नाहीत."

मग ते माझ्याकडे वळले. "सुवार्ता, ते दारातलं वजन आण."

मी उठले. आईच्या पायाशीच होतं ते. तिने पाय मागे घेतला. वजन उचलताना मला कळलं की आजवर घरात कुणीच ते उचललेलं नव्हतं, नुसती ठेच खाल्ली होती. खालच्या बाजूला अर्ध्या शेराची खूण अजून दिसत होती. मी ते आबांना दिलं. आबांनी ते शमुवेलच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हेच ते. तिनंच ठेवलं तिथं, बरी झाल्यावर. मी घरात जाताना रोज ओलांडायचो. बोलली कधी नाही एका शब्दानं." आबांनी शमुवेलच्या डोळ्यांत पाहिलं. "आता तुम्ही सांगा. तुम्ही काय फेकलं?"

शमुवेलने वजनापासून हात मागे घेतला. "आबा, मी... एकदा रागाच्या भरात हात उचलला गेला. मी कबूल करतो. देवापुढे पण केलं."

"काय फेकलं, विचारलं मी."

"काही फेकलं नाही, आबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला, पण तो आला. "हातानेच. खूप वेळा. शेवटी कानावर. डाव्या कानाने मला आता ऐकू येत नाही."

"ठाऊक हाये," आबा म्हणाले. "तीन आठवडे त्या अंगाला बसून तुला हाका मारतोय."

मला रडू फुटलं. दुःखाचं नव्हतं ते. घरात कुणीतरी रोज येऊन माझा कान तपासत होतं आणि मी त्याला म्हातारचळ म्हणत होते, म्हणून रडू आलं. दादांनी ताट पुढे सरकवलं आणि डोकं हातात धरून बसले.

थोरले काका वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाबा, झालं ते वाईट झालं. पण पोरगा पश्चात्ताप करतोय. आपला धर्मच सांगतो, क्षमा करावी."

"करावी ना," आबा म्हणाले. "तिला वाटंल तवा ती करंल. राहेलनं बी केली असंल मला, मी काही विचारलं नाही. पर क्षमा इथं बसून बी करता येती, मास्तर. त्यासाठी तिकडं नांदायला कशाला जायला पाहिजे?"

काकांनी मांडीवरची टोपी सरळ केली.

"राहेलला एक भाऊ होता," आबा पुन्हा म्हणाले, या वेळी जरा हळू. "तो आसामात, चहाच्या मळ्यात. तिला जायला घरच नव्हतं. म्हणून ती राहिली. लोक म्हणतात, माझ्यावरच्या प्रेमानं राहिली."

शमुवेल माझ्याकडे वळला. "सुवार्ता, मी शब्द देतो. पुन्हा नाही. तुला हवी तशी शपथ घेतो." त्याने ताटाच्या कडेचा तो तुकडा उचलला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो अगदी मनापासून बोलत होता. मला आजही वाटतं, त्या क्षणी तो खरंच बोलत होता. पण आबांनीही ती पहिली पट्टी खोट्या मनाने शिजवली नसणार.

मी ताटावर हात आडवा धरला. "मी येणार नाही."

तीनच शब्द. तीन आठवडे जड झाले होते, आणि म्हणायला एक श्वाससुद्धा लागला नाही.

पाहुणे जेवले नाहीत. काकांनी टोपी घातली, दादांना "सलाम" म्हणाले, आबांना काही म्हणाले नाहीत. शमुवेलने चपला घातल्या, दारात थांबला, काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं असावं. आबा त्याला म्हणाले, "पाव्हणे, गाणं सोडू नका. पर कुणाच्या घरी पट्टी भरवायला जाऊ नका." तो गेला. पुढचं कोर्टकचेरीचं, पाळकसाहेबांच्या फेऱ्यांचं आणि आळीतल्या कुजबुजीचं सगळं मी इथे सांगत बसत नाही. ते जसं होतं तसं झालं. दादांना कमिटीतून उठवायच्या आधी ते आपणहून उठले. एवढं मात्र सांगते की आमच्या आळीत लग्नात पट्टी भरवणं पुढे हळूहळू बंद पडलं. कुणी तसा ठराव केला नाही. नवरे उगाच हात आखडते घ्यायला लागले.

पण त्या दुपारी आम्ही तिघं सतरंजीवर तसेच बसून राहिलो होतो. रश्श्यावर चरबीचा थर धरायला लागला. दादांनी वजन उचललं आणि सवयीने दाराकडे निघाले. आबा म्हणाले, "नको, दावीद. आता दार आपटू दे." दादांनी ते हातात धरून ठेवलं, कुठे ठेवावं ते त्यांना सुचेना.

आई अजून चौकटीपाशीच होती. पहिल्या रात्री मी तिला सगळं सांगितलं होतं आणि तिने माझ्या केसांना तेल लावलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या ताटाकडे बघत होती. मला वाटलं, ती आता म्हणणार, काय केलंस हे. लग्नानंतर ती वीस वर्षं सासूबाईंच्या पंगतीला वाढत होती आणि त्या पदराआड काय आहे ते तिलाही कधी दिसलं नव्हतं.

मग ती आली. माझ्या डाव्या बाजूला जागा होती, शमुवेल उठून गेला होता तिथे. आई तिथे बसायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली. उठली. पातेल्याला वळसा घालून पलीकडे आली आणि माझ्या उजव्या कानाशी बसली. एक भाकरी मोडून तिने माझ्या ताटात ठेवली.

"जेव," म्हणाली. "आता इथंच राहायचंय तुला."